मंडळीतील सहभागिता आणि रोजच्या अडचणींचे तारतम्य: सविस्तर मार्गदर्शन

चर्चमधील रविवारची उपासना आशीर्वचनाने संपते, लोक दारात पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सलाम करतात, ऊन किती वाढले आहे यावर दोन शब्द बोलतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. एकाच बाकावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांच्या घरात काय चालले आहे याची कल्पना नसते. एकाच्या घरी यंत्रमागाचे काम आठवड्यातून तीनच दिवस मिळत असते, दुसऱ्याच्या घरी आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या आणि मुलाची परीक्षा एकाच वेळी आलेली असते, आणि दोघेही ‘प्रभूची कृपा, सगळं ठीक आहे’ एवढेच सांगून निघतात. सोलापूरच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासद-समाजांमध्ये, भक्तीची उणीव नाही. उणीव आहे ती एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंतच्या सहा दिवसांत एकमेकांच्या उपयोगी पडण्याची, आणि ती भरून काढण्यासाठी घराघरांत लहान प्रार्थनागट कसे चालवावेत ते येथे क्रमाने मांडले आहे.

सहभागिता, म्हणजे एकमेकांच्या सुखदुःखात वाटेकरी होणे, आणि अडचणींचे तारतम्य हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र घेतले आहेत, कारण माझ्या समजुतीप्रमाणे दुसरा पहिल्यावाचून साधत नाही. बायबलमधील त्र्याहत्तराव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ आपली व्यथा मांडतो: दुष्टांचे सगळे सुरळीत चालले आहे आणि आपण मात्र मन शुद्ध राखूनही दररोज मार खात आहोत. तो एकटा विचार करत राहिला तेव्हा हे कोडे त्याला फार जड वाटले, आणि ते सुटले देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. त्याची परिस्थिती बदलल्याचे स्तोत्रात कोठेही म्हटलेले नाही. बदलली ती त्याची नजर. एकट्याने रात्री छताकडे पाहत मोजलेली अडचण नेहमी खऱ्या आकारापेक्षा मोठी भरते किंवा लपवून लपवून धोकादायक होते, आणि दोन्ही वेळा माप चुकते. म्हणून सहवासाची घडी संकट येण्याच्या आधी बसलेली असावी लागते.

प्रथम आपली माणसे कोठे आहेत ते पाहावे

कामाची सुरुवात सभेने करू नये, वहीने करावी. मंडळीच्या सभासद-नोंदवहीतील घरांची यादी पाळकसाहेबांच्या किंवा पेस्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) संमतीने घ्यावी आणि ती आडनावांप्रमाणे न लावता भागांप्रमाणे लावावी: रेल्वे लाईन्स, जुळे सोलापूर, विडी घरकुल, अक्कलकोट रोड, होटगी रोड, असे. प्रत्येक घरापुढे चार गोष्टी लिहाव्यात. घरात कोणती भाषा बोलली जाते, कमावत्या माणसांच्या कामाची वेळ काय आहे, घराबाहेर पडू न शकणारे कोणी आहे का, आणि त्या भागात नळाला पाणी कोणत्या वेळी येते.

शेवटची नोंद बाहेरगावच्या वाचकाला विचित्र वाटेल, पण सोलापूरकराला वाटणार नाही. उजनी धरणाचे पाणी शहरात रोज येत नाही. भागाभागाने काही दिवसांच्या अंतराने सोडले जाते, आणि ज्या संध्याकाळी पाणी असते त्या संध्याकाळी घरातली बाई कोणत्याही प्रार्थनेला येऊ शकत नाही. आली तरी तिचे अर्धे चित्त पिंपाकडे असते. ‘महिलांची उपस्थिती कमी आहे’ अशी तक्रार मंडळीत अनेकदा होते. तिचे कारण पुष्कळदा श्रद्धेत नसून पाण्याच्या वेळापत्रकात सापडते.

भाषेची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घराघरांत बोलली जाते, आणि मराठी उपासनेला येणाऱ्या आजीला प्रार्थना मात्र तेलुगूतच सुचते, असे पुष्कळ घरांत दिसते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील पहिली मोठी तक्रार नेमकी याच ठिकाणी उद्भवली: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रेषितांनी, म्हणजे येशूने नेमलेल्या प्रमुख शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते, त्यांच्याच भाषेच्या लोकांवर वाटपाची जबाबदारी सोपवली गेली असावी, असे त्यावरून दिसते. आपल्या यादीत तेलुगू किंवा कन्नड बोलणारी घरे असतील, तर गटाच्या दोन प्रमुखांपैकी एक जण त्या भाषेचा असावा, हा बोध तेथून थेट घेता येतो.

गट लहान ठेवावा आणि घरात भरवावा

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसला होता, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितले की, अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. यांतला दहाचा आकडा मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. पाच ते सात घरे, म्हणजे प्रत्यक्षात दहा-बारा माणसे, हा गट घरप्रार्थनेला योग्य. याहून मोठा झाला की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. याहून लहान झाला की एक घर गावाला गेले तरी बैठक रद्द होते.

बैठक पंधरा दिवसांनी एकदा ठेवावी. दर आठवड्याची बैठक उत्साहाने सुरू होते आणि पाळीवर काम करणाऱ्या माणसाला लवकरच ओझे वाटू लागते. वेळ ठरवताना वहीतील नोंदी पुढे घ्याव्यात, पाण्याची संध्याकाळ वगळावी आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा बैठक सूर्यास्तानंतर गच्चीवर किंवा अंगणात घ्यावी. एकूण वेळ सव्वा तास असावा आणि तो पाळला जावा. साडेसातची बैठक पावणेनऊला संपते याची खात्री असली की माणसे पुन्हा येतात.

खाण्यापिण्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा आणि सर्वांना सारखा लावावा: चहा किंवा सरबत, आणि सोबत एक साधा पदार्थ. ही बाब किरकोळ वाटते, पण अनेक गट याच ठिकाणी मोडले आहेत. एका घरी पोहे होतात, दुसऱ्या घरी भजी आणि गोड, तिसऱ्या घरी जेवण, आणि चौथ्या घरची बाई, जिचा नवरा तीन महिने घरी बसून आहे, ‘आमच्याकडे पाहुणे आहेत’ असे सांगून आपली पाळी टाळते. पुढे ती इतरांच्या घरी जाणेही सोडते, आणि ती का येईनाशी झाली हे कोणाला कळत नाही. गरीब घराला लाज वाटणार नाही, असाच पाहुणचार सगळ्या घरांनी करावा.

बैठकीचा क्रम असा ठेवता येईल. आरंभी दोन गीते, शक्यतो पेटीशिवाय म्हणता येतील अशी. अभंग-ओवीच्या चालीवरील मराठी ख्रिस्ती भजने यासाठी फार सोयीची आहेत, कारण ती टाळ्यांवरही रंगतात आणि शेजारच्या घरातल्या माणसालाही परकी वाटत नाहीत. त्यानंतर एक लहान शास्त्रभाग, दहा-बारा वचनांपेक्षा मोठा नको, आणि तो दोन जणांनी वाचावा, गरज असेल तर दोन भाषांत. मग प्रवचन न करता प्रमुखाने एकच प्रश्न विचारावा: या भागातले कोणते वाक्य या आठवड्यात आपल्या घराला लागू पडते? वीस मिनिटे त्यावर बोलणे व्हावे. उरलेला वेळ एकमेकांचे ऐकण्यास आणि प्रार्थनेस राखून ठेवावा, कारण बैठक घरात घेण्याचे कारणच ते आहे. प्रवचन रविवारी मिळते. ‘तुझ्या आईचं कसं आहे?’ हे विचारायला रविवारी वेळ मिळत नाही.

गटाला दोन प्रमुख असावेत आणि शक्य असल्यास त्यांतील एक स्त्री असावी. प्रमुखाचे काम शिकवण्याचे कमी आणि पाहण्याचे अधिक आहे: कोण बोलले नाही, कोण लवकर उठले, कोण दोन बैठका आले नाही. न आलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी फोन करावा, पण त्यात ‘का आला नाहीत?’ हा प्रश्न नसावा. ‘काल तुमची आठवण झाली’ एवढे पुरते.

विनंती कशी मागावी आणि ऐकलेले कसे जपावे

प्रार्थनेची विनंती विचारली की आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे येतात. एक अगदी गुळगुळीत: ‘कुटुंबासाठी प्रार्थना करा.’ दुसरे दूरच्या नातेवाइकाच्या आजाराचे, ज्यात सांगणाऱ्याचे स्वतःचे काहीच नसते. दोन्ही उत्तरे माणूस संकोचाने देतो, आणि संकोच मोडण्याचा उपाय एकच आहे: प्रमुखाने आधी स्वतःची एक खरी, मध्यम आकाराची अडचण सांगावी. फार मोठी सांगितली तर इतर दबतात. ‘माझे आणि मुलाचे आठवडाभर बोलणे बंद आहे’ एवढे खरे वाक्य पुरेसे असते.

त्यानंतर गटाने ऐकण्याची शिस्त पाळावी. सांगणारा बोलत असताना मध्ये उपाय सुचवू नयेत. ‘माझ्या मामेभावालाही असंच झालं होतं’ ही गोष्ट सुरू करू नये. बोलणे संपल्यावर एक प्रश्न विचारावा: ‘आम्ही यासाठी केवळ प्रार्थना करावी, की काही करण्यासारखेही आहे?’ या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी सोप्या होतात, कारण काही वेळा माणसाला मदत नको असते, आणि काही वेळा हवी असूनही ती मागण्याचे धाडस होत नसते.

गुप्ततेविषयी मात्र कठोर असावे. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा बरं का, त्यांच्या घरी सध्या...’ अशा वाक्याने सुरू होणारी चर्चा ही चहाडीच आहे, तिला प्रार्थनेचे नाव दिल्याने ती पवित्र होत नाही. आसाफही त्याच स्तोत्रात म्हणतो की, मनात आलेले सगळे मी तसेच बोलून टाकले असते, तर देवाच्या लेकरांचा विश्वासघात केला असता. गटात ऐकलेली गोष्ट गटाबाहेर जायची असेल, अगदी पाळकसाहेबांकडे जायची असेल तरी, ज्याची ती गोष्ट आहे त्याची परवानगी घ्यावी. जिवाला धोका असेल तेव्हा हा नियम मोडावा लागतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे. व्हॉट्सअॅपचा गट करायचा असेल तर त्यावर बैठकीची वेळ, जागा आणि संबंधिताने स्वतः टाकलेली विनंती एवढेच असावे. तेथे दुसऱ्याच्या आजाराचे रिपोर्ट, पैशांचे आकडे किंवा रुग्णाचे फोटो येऊ देऊ नयेत.

अडचण कागदावर आणावी

तारतम्य येण्यासाठी माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे वहीचे एक पान. मनात अडचणी सुट्या राहत नाहीत, त्या एकमेकींना चिकटून एकच मोठे ओझे होतात. कागदावर त्या वेगळ्या होतात.

एक उदाहरण घेऊ. विडी घरकुलातील एका मावशींनी समजा असे लिहिले: पाण्याची मोटर जळाली. धाकटीची फी भरायची आहे. गुडघा रात्री दुखतो. दीर सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलले. थोरला पुण्यात आहे, फोन करत नाही. आता प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. हे आजचे आहे, या महिन्याचे आहे, की अनेक वर्षांचे? यातले माझ्या हातात काय आहे? आणि हे मी कोणाला सांगितले आहे?

मोटर आजची आहे, कारण पुढचे पाणी येण्याआधी ती दुरुस्त व्हायला हवी. ती रिवाइंड करून मिळते, तोवर शेजारची मोटर मागता येते, आणि गटात एखादा वायरमन असतोच. फी या महिन्याची आहे. शाळेत जाऊन हप्ते मागणे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज विचारणे हे मावशींच्या हातात आहे, आणि अर्ज भरायला गटातली एखादी कॉलेजची मुलगी बसू शकते. गुडघा कित्येक महिन्यांचा आहे, आणि दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईचा गुडघा प्रार्थनेबरोबर तपासणीही मागतो; सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात सोबत कोण जाणार एवढे ठरले की ती गोष्ट पुढे सरकते. दिरांचे बोलणे मनाला लागले आहे, पण त्याचे काय करायचे ते रागात ठरवायचे नाही. आणि थोरला? त्याचा फोन येणे मावशींच्या हातात नाही. त्यांनी दर रविवारी संध्याकाळी स्वतः फोन करावा, तक्रार न करता पाच मिनिटे बोलावे, आणि उरलेले देवावर सोपवावे.

या पानातील एकही अडचण खोटी नव्हती. पण मोटर आणि मुलगा या दोन ओळी आता सारख्या वजनाच्या राहिल्या नाहीत, आणि त्याच संध्याकाळी दोन गोष्टींची व्यवस्थाही लागली. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू उद्याची चिंता करू नका असे सांगतो, तेथे उद्या संकट येणार नाही असे त्याने म्हटलेले नाही. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असे त्याचे म्हणणे आहे. दुःख दिवसवार वेगळे करणे ही त्या आज्ञेचीच अंमलबजावणी आहे.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल काही वचनांच्या अंतरात दोन गोष्टी सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. पानावर काम करताना या दोन्हींचा उपयोग होतो. मोटर, तपासणीची सोबत, अर्ज ही वाटून घेण्याची ओझी आहेत. मुलाशी गोड बोलणे किंवा दिराला क्षमा करणे हा ज्याचा त्यानेच वाहायचा भार आहे. गट त्याला धीर देऊ शकतो, त्याच्या वतीने ते करू शकत नाही.

दुसऱ्याचे दुःख लहान म्हणू नये

तारतम्य शिकवण्याच्या नादात मंडळीत एक मोठी इजा होते, आणि तिच्याविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. ज्या बहिणीचा गर्भपात झाला आहे तिला ‘देवाची योजना असेल, दुसरं होईल’ असे सांगणे, किंवा नोकरी गेलेल्या माणसाला ‘तुझ्याहून वाईट दिवस लोकांवर आले आहेत’ असे सांगणे म्हणजे तारतम्य नव्हे. पौलाने करिंथकरांना लिहिताना क्लेशांना तात्कालिक आणि हलके म्हटले आहे, हे खरे. पण त्या वेळी तो स्वतःच्या क्लेशांविषयी बोलत होता, आणि फटके, दगडमार, जहाज फुटणे हे सगळे सोसून बोलत होता. दुसऱ्यांच्या दुःखाविषयी त्याच पौलाने रोमकरांना वेगळी सूचना दिली: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. आपले दुःख हलके आहे असे म्हणण्याचा अधिकार फक्त ज्याचे ते दुःख आहे त्यालाच आहे, आणि तेही त्याच्या वेळेला.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट येथे मार्गदर्शक आहे. तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. ‘मीच एकटा उरलो आहे’ ही त्याची समजूत दुरुस्त झाली ती पुढे, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर, जेव्हा देवाने त्याला सांगितले की इस्राएलात सात हजार जण अजून राखून ठेवलेले आहेत. आधी जेवण, मग झोप, मग वाटचाल आणि त्यानंतर खरा हिशेब: हा क्रम गटाने पाठ करून ठेवावा. उपाशी आणि जागरण झालेल्या माणसाला वचन ऐकवण्याआधी डबा द्यावा.

मदतीची व्यवस्था लावून ठेवावी

कोणी दवाखान्यात दाखल झाले की पहिल्या दिवशी वीस माणसे भेटायला जातात आणि चौथ्या दिवशी कोणीही नसते. म्हणून गटाने एक साधे वेळापत्रक आधीच ठरवून ठेवावे. पहिल्या दिवशी एकच माणूस जाईल आणि काय लागते ते विचारून येईल. दुसऱ्या दिवसापासून डबा कोणाकडून, रात्री सोबत कोण, घरी राहिलेल्या मुलांना शाळेत कोण सोडणार, याची वाटणी त्याच दिवशी होईल. बाहेरगावहून उपचारासाठी आलेल्या नातेवाइकांना डब्यात ज्वारीची भाकरी, पातळ भाजी आणि शेंगाचटणी मिळाली तर त्यांना कँटीनच्या वडापावापेक्षा पुष्कळ बरे वाटते, हे सांगायला नको.

पैशांच्या बाबतीत दोन नियम पाळावेत. गटाची पेटी लहान असावी, दर बैठकीला ऐच्छिक, न मोजता टाकलेली रक्कम. तिचा हिशेब दोन जणांच्या सह्यांनी वहीत राहावा आणि तिमाहीला सर्वांसमोर वाचावा, मात्र कोणाला दिले ते नाव वाचू नये. आणि गटातून दिलेली रक्कम ही मदत असावी, कर्ज नसावे. उसनवारीने सहभागिता हमखास बिघडते: घेणारा तोंड चुकवू लागतो, देणारा मनात मोजू लागतो, आणि दोघेही प्रार्थनेला येणे सोडतात. कोणी कर्जाला जामीन राहण्याची विनंती केली तर ती गटात आणू देऊ नये; नीतिसूत्रांमध्ये जामिनाविषयी दिलेले इशारे आजही तितकेच खरे आहेत.

भांडण झाले तर

होणारच. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांचे जमेना, आणि पौलाला पत्रात त्यांची नावे घेऊन विनवावे लागले. शिवाय त्याने एका सहकाऱ्याला त्यांना साहाय्य करायलाही सांगितले. दोघीही सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीने झटलेल्या होत्या. चांगल्या माणसांची भांडणे होतात, हे मान्य केले की निम्मी कटुता कमी होते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम जसाच्या तसा वापरावा: आधी एकांतात दोघांनी बोलावे, तेथे न मिटले तर एक-दोन साक्षीदार, त्यानंतर मंडळी. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा होतो. गोष्ट आधी महिला मंडळात पोहोचते, मग कमिटीत, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला सर्वांत शेवटी कळते. नाताळच्या कार्यक्रमात कोणाच्या मुलीला कोणती भूमिका, वर्गणीच्या यादीत कोणाचे नाव आधी, अशा कारणांवरून वर्षानुवर्षे अबोला राहतो. अशा वेळी वहीचे पान पुन्हा काढावे आणि दोघांना वेगवेगळे विचारावे की ही गोष्ट आजची आहे, महिन्याची आहे, की पुढच्या पिढीलाही देऊन जाण्यासारखी आहे.

दूर गेलेल्यांना धरून ठेवावे

सोलापूरचे तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला जातात, आणि हुतात्मा एक्सप्रेसने शनिवार-रविवार येऊन जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यांना गटाच्या यादीतून काढून टाकू नये. ज्या रविवारी ती मुले येतात त्या रविवारी दुपारी त्यांच्यासाठी अर्धा तास ठेवावा, आणि पुण्यात नवीन गेलेल्या मुलाला तेथे आधीपासून राहणाऱ्या आपल्या एका मुलाचा नंबर, त्याच्या संमतीने, मिळावा. घरी एकटे उरलेले आईवडील हे या स्थलांतराचे दुसरे टोक आहे. त्यांच्या घरी बैठक अधिक वेळा ठेवावी, कारण त्यांना आणणे कठीण आणि त्यांच्याकडे जाणे सोपे असते.

शेजाऱ्यांनाही दार उघडे असावे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या बंधुत्वात जागा होती. गच्चीवरील बैठकीत शेजारच्या काकू केवळ गीते ऐकायला येऊन बसल्या तर त्यांना चहा द्यावा आणि हवे तेवढे बसू द्यावे. त्यांना कोणताही प्रश्न विचारू नये.

गटाच्या हाताबाहेरचे काय आहे ते ओळखावे

काही अडचणी प्रार्थनेबरोबर ताबडतोब तज्ज्ञाकडे जायला हव्यात, आणि तसे करणे हा विश्वासाचा कमीपणा नाही. कोणी अनेक आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ हा सल्ला देणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा आहे, महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक आहेत, आणि मुलाच्या बाबतीत काही गैर दिसले तर 1098. हे क्रमांक प्रमुखाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत. गुप्ततेचा नियम अशा वेळी थांबतो, हे गटात पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावे, म्हणजे नंतर कोणाला फसवल्यासारखे वाटणार नाही.

पहिले वर्ष

पहिल्या महिन्यात फक्त वही पूर्ण करावी आणि प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. दुसऱ्या महिन्यात एकाच भागात एकच गट सुरू करावा. सर्व भागांत एकदम सुरू केलेले गट पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत. पहिल्या चार-पाच बैठकांत लोक गुळगुळीतच बोलतील, त्याने निराश होऊ नये. साधारणपणे कोणाच्या तरी घरी खरी अडचण येते आणि गट धावून जातो, तेव्हा बोलण्याचा सूर बदलतो. सहा महिन्यांनी प्रमुखांनी पाळकसाहेबांसोबत बसून तीन गोष्टी पाहाव्यात: कोणते घर येईनासे झाले आहे, कोणाला आतापर्यंत फक्त मदत मिळाली आहे पण देण्याची संधी मिळालेली नाही, आणि प्रमुखांपैकी कोणी थकले आहे का. यांतील दुसरी बाब विसरली जाते. ज्याला नेहमी घ्यावेच लागते तो माणूस हळूहळू खाली मान घालून बसू लागतो; त्याला गीते निवडण्याचे, आजीला हाताला धरून आणण्याचे, चटया घालण्याचे, काहीतरी स्वतःचे काम द्यावे.

गट दहा घरांच्या पुढे गेला की त्याचे दोन करावेत, आणि ते करताना एकमेकांशी जमणारी घरे एका बाजूला व न जमणारी दुसऱ्या बाजूला अशी वाटणी होऊ देऊ नये. रस्ता किंवा वस्ती पाहून वाटणी करावी, जुन्या प्रमुखांपैकी एकेक दोन्हीकडे द्यावा, आणि तीन महिन्यांतून एकदा दोन्ही गटांची एकत्र बैठक चर्चच्या आवारात घ्यावी. त्या बैठकीला स्वयंपाक पुरुषांनी करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.